होकुसाईच्या लाटेचं ‘मूळ चित्र’ नेमकं कुठे आहे?

टोकियोला निघालेल्यांना हमखास सांगितलं जातं: सुमिदा होकुसाई संग्रहालयात जपानी चित्रकार होकुसाईच्या त्या प्रसिद्ध लाटेचं (‘द ग्रेट वेव्ह’) एकमेव मूळ चित्र टांगलंय, बाकी जगभर नुसत्या नकला. तसं अजिबात नाही.

सुमारे 1831 सालचं हे काम म्हणजे लाकडी ठशांवरून काढलेला छाप. होकुसाईने पातळ कागदावर रेखाटन केलं. कोरीव काम करणाऱ्याने तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून कागदासकट फळी कोरली. म्हणजे मूळ रेखाटन तिथेच संपलं! मग छपाई करणाऱ्याने ठशांवर कागद हाताने घासून, एकेक रंग चढवत, हजारो प्रती काढल्या. त्या ठशांवरची प्रत्येक प्रत अस्सलच, मग ती लंडनमध्ये असो की न्यूयॉर्कमध्ये. फरक ताजेपणाचा. वर डावीकडे शीर्षकाची चौकट आहे, तिची रेघ निरखून बघा: ठसा झिजल्यावर काढलेल्या प्रतींत ती मध्येच तुटलेली दिसते.

राहता राहिलं 2016 साली उघडलेलं हे संग्रहालय. तिथल्या कायमस्वरूपी दालनात दिसतात त्या बहुतेक प्रतिकृतीच (चांगल्या आहेत, पण प्रतिकृतीच). असे छाप उजेडाने फिके पडतात, म्हणून अस्सल प्रती थोड्या दिवसांपुरत्याच बाहेर काढतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी कोणतं विशेष प्रदर्शन चालू आहे, ते पाहून घ्या.