सोन्याचे जुने क्रोनोग्राफ : संग्राह्यता

सोन्याच्या केसमधल्या (म्हणजे बाहेरच्या कवचातल्या), चावीच्या जुन्या क्रोनोग्राफ मनगटी घड्याळांना संग्राहकांत मिळणारा मान आणि तो ठरवणाऱ्या कसोट्या. क्रोनोग्राफमध्ये नेहमीची वेळ चालूच राहते. बाजूचे बटण दाबून एक स्वतंत्र सेकंदकाटा सुरू करता, थांबवता आणि शून्यावर आणता येतो. संग्राहकांचा ओढा मुख्यतः १९३० ते १९७० या काळातल्या स्विस घड्याळांकडे असतो.

सोने आहे म्हणून घड्याळ मोलाचे, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज. दुसऱ्या महायुद्धानंतर डायलवर फक्त ‘क्रोनोग्राफ स्विस’ असे छापलेली १८ कॅरटची घड्याळे ढिगाने विकली गेली. त्यांचे सोने पत्र्यासारखे पातळ, आत बहुधा लांडरॉन या स्विस कारखान्याचे साधे यंत्र. दिसायला भारदस्त, हातात घेतली की हलकी. ती आजही सहज मिळतात आणि त्यांचा भाव वजनाच्या फार पुढे जात नाही.

दुसऱ्या टोकाला पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीचे १५१८ हे मॉडेल आहे. १९४१ मध्ये आलेले हे शाश्वत दिनदर्शिका (लीप वर्षे धरून तारीख आपोआप दाखवणारी) आणि क्रोनोग्राफ एकत्र असलेले मालिकेत बनवलेले पहिले मनगटी घड्याळ; एकूण सुमारे २८१ नग निघाले. बहुतेक पिवळ्या सोन्याचे, थोडे गुलाबी सोन्याचे. पोलादी फक्त चार ठाऊक आहेत आणि त्यांतल्या एकाला २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १.१ कोटी स्विस फ्रँकहून अधिक किंमत आली. म्हणजे इथे सोन्यापेक्षा पोलाद महाग! दुर्मिळता धातूच्या भावाला कशी मागे टाकते, ते याहून स्पष्ट दिसणार नाही. ओमेगाने चांद्रविजयानंतर १९६९ मध्ये काढलेल्या सोन्याच्या स्पीडमास्टर या क्रोनोग्राफचे १,०१४ नग बनले, पण अंतराळवीरांना भेट दिलेल्या, त्यांची नावे कोरलेल्या मोजक्या नगांची गोष्टच वेगळी.

दुर्मिळतेला मुशीनेही हातभार लावला आहे. क्वार्ट्झ घड्याळे आल्यावर चावीची घड्याळे जुनाट ठरली आणि १९८० च्या सुरुवातीला सोन्याचा भाव कडाडला. तेव्हा कित्येक केसेस वितळवल्या गेल्या. मागे उरली ती उघडी यंत्रे.

खरी परीक्षा मात्र अस्पर्शित स्थितीची. १८ कॅरटचे सोने पोलादापेक्षा मऊ. दर दुरुस्तीला पॉलिशच्या चाकावर धरलेली केस थोडी थोडी झिजते, आणि पट्टा अडकवायच्या कानांच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. म्हणून जाणकार आधी केस तिरपी धरून भिंगाखाली शुद्धतेचा ठसा पाहतो. १९९५ पर्यंतच्या स्विस केसवर १८ कॅरटसाठी हेल्व्हेशियाचे (स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे) मस्तक आणि १४ कॅरटसाठी खारीची आकृती असे. मस्तकाच्या नाकाची, हनुवटीची रेघ स्वच्छ दिसली तर केस वाचलेली आहे. नुसता डाग दिसला तर ती बऱ्याचदा चाकावर गेली आहे.

डायलबाबतही तेच. पाटेकच्या उत्तम डायलवर अक्षरे कोरून त्यांत मिना भरून भाजलेला असे, त्यामुळे ती किंचित उंच जाणवतात. जोराने साफ केले की ती बारीक होतात; ‘जिनेव्ह’ (जिनिव्हाचे फ्रेंच नाव) या शब्दावरची इवलीशी तिरपी खूण तर आधीच जाते. पुन्हा रंगवलेला चकचकीत डायल नवख्याला भुरळ घालतो, पण वयाने पिवळसर पडलेला मूळ डायल त्याच्या कितीतरी वरचा.

यंत्रात स्तंभचक्राला मान आहे. बटणाचा हुकूम इतर भागांपर्यंत पोहोचवणारे हे खांबांचे चक्र घडवायला अवघड, पण बटण दाबताना लोण्यासारखे चालते. व्हालजू या यंत्रे बनवणाऱ्या स्विस कारखान्याची २३ आणि ७२, लाँजीन या घड्याळ कंपनीचे १३झेडएन ही त्यातली नावाजलेली यंत्रे.

पाटेक आणि लाँजीन आपल्या जुन्या नोंदवह्यांतून घड्याळाचा उतारा देतात. त्यातून घड्याळाची जन्मकहाणी कळते. डायल नंतर बदलला का, काटे मूळचे आहेत का, हे मात्र भिंगाखालीच ठरवावे लागते.