गिटार-मेथड आणि जोडीने अभ्यास

गिटारवादन सोप्याकडून अवघडाकडे, पायरीपायरीने शिकवणाऱ्या पुस्तकाला वादक ‘मेथड’ म्हणतात. खोलीचे दार लावून एकट्याने गिरवायचे पुस्तक, अशी त्याची सर्वसाधारण प्रतिमा आहे. पण मेथड उघडून पाहिली की त्यात दोघांनी मिळून वाजवायचे धडे, म्हणजे ड्युएट, आढळतात. आणि ते हौसेखातर घातलेले नसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये गिटारचे मोठे वेड होते. फेर्दिनांदो कारुल्ली (१७७०–१८४१) आणि मात्तेओ कार्कासी हे इटलीहून आलेले वादक तिथे शिकवत आणि मेथड लिहीत. स्पेनच्या फेर्नांदो सोरची मेथड १८३० साली निघाली. सोर नखे न लावता बोटाच्या मांसल टोकाने तार छेडत असे आणि नखांनी वाजवणाऱ्यांविषयी त्याचे मत फारसे चांगले नव्हते. त्याचा मित्र दियोनिसिओ आग्वादो मात्र नखांनीच वाजवी, आणि त्याचीही स्वतंत्र मेथड होती. या दोघांनी मिळून वाजवण्यासाठी सोरने ‘दोन मित्र’ अशा अर्थाच्या नावाचे एक ड्युएट रचले (ओपस, म्हणजे रचना क्रमांक, ४१). हाताची मूलभूत ठेवणच वेगळी असलेले दोन मेथडकार एका रचनेत एकत्र येतात, याहून बोलके उदाहरण या विषयात सापडणे कठीण.

विसाव्या शतकातला महत्त्वाचा टप्पा म्हणजे बॉस्टनच्या बर्कली या संगीत संस्थेतील गिटार विभागाचे प्रमुख विल्यम लेव्हिट (१९२६–१९९०) यांची ‘अ मॉडर्न मेथड फॉर गिटार’. तिचे तीन खंड १९६६, १९६८ आणि १९७१ मध्ये निघाले. ही पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने, वाजवणाऱ्यांसाठी आहे आणि सारे स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवर टिंबे मांडणाऱ्या पाश्चात्त्य स्वरलिपीत आहे. कोणत्या तारेवर कितव्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीपाशी) बोट ठेवायचे ते थेट सांगणारी टॅब लिपी तिच्यात नाही. ओळखीच्या चाली लेव्हिट यांनी मुद्दाम टाळल्या आणि सरावाचे सारे तुकडे स्वतः रचले. चाल कानात असली की डोळा कागदावरून सुटतो, हे त्यांना ठाऊक होते.

गिटारवर वाचनाची अडचण मोठी आहे. पियानोवर एका स्वराला एकच पट्टी असते. गिटारची पहिली तार मोकळी छेडली की जो स्वर येतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. कागदावर टिंब एक, हाताला पर्याय निदान चार. म्हणून लेव्हिट हाताला एका पोझिशनमध्ये, म्हणजे दांडीवरच्या एकाच जागी, स्थिर ठेवून तिथल्या तिथे वेगवेगळी स्केल (स्वरसप्तके) वाजवायला लावतात. पाने गाळायची नाहीत, क्रम मोडायचा नाही. काम कंटाळवाणे आहे, आणि सोबतीची गरज इथेच लागते.

मात्र सोबत दुधारी असते. चौघे मिळून एकच ओळ वाजवू लागले की अडखळणारा शेजाऱ्याचे ऐकून सूर पकडतो. तीनचार वेळा झाले की ओळ त्याला पाठ होते, आणि वाचन मात्र होते तिथेच राहते. लेव्हिट यांनी पुढच्या दाराने बाहेर घालवलेली ‘कानावर भिस्त’ मागच्या दाराने आत येते. ड्युएटमध्ये ही पळवाट बंद होते, कारण शेजाऱ्याची ओळच वेगळी असते. शिवाय तो थांबत नाही. एकटा शिकणारा अवघड मात्रेपाशी नकळत रेंगाळतो आणि सोप्या जागी धावतो. मेट्रोनोम, म्हणजे ठराविक लयीत टिकटिक करणारे यंत्र, लावला तरी तो दुर्लक्षिता येतो. समोर माणूस वाजवत असेल तर चुकलेला स्वर सोडून पुढच्या मात्रेवर त्याला गाठावेच लागते. चूक दुरुस्त करण्याइतकेच चूक मागे टाकणेही शिकावे लागते, आणि त्याचा सराव एकट्याने जवळजवळ होत नाही.

त्यामुळे जाणकार गट आधी आपापली पाने घरी तयार करतात, भेटीचा वेळ ड्युएटला देतात आणि प्रत्येक फेरीनंतर ओळी बदलून घेतात. वेग सर्वांत कच्च्या वादकाला झेपेल तेवढाच. तरबेज मंडळींना तो जाचतो, पण संथ लयीत सम राखणे त्यांनाही वाटते तितके सोपे जात नाही.

मराठी वाचकाला पुस्तक आणि वर्ग यांचे हे नाते अगदीच परके नाही. वि. दि. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा गाणे वर्गात, अनेकांना एकत्र शिकवले जाऊ लागले, वि. ना. भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’त बंदिशी स्वरलिपीत आणल्या. गोव्यात तर पॅरिश (चर्चशी जोडलेल्या) शाळांमधून मुले स्टाफ नोटेशन सामूहिक गायनातूनच शिकत. तिथून मुंबईला आलेल्या गोमंतकीय वादकांना हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात कागद समोर ठेवताच वाजवता येई, ते या शिक्षणामुळे.