अल्पकर्बी आहार आणि मधुमेहातील रक्तमेद

मधुमेही व्यक्तीने आहारातील कर्बोदके घटवल्यावर रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांच्या पातळ्यांत होणारे बदल. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहारास सामान्यतः अल्पकर्बी, तर २० ते ५० ग्रॅमवर आणलेल्या आहारास अत्यल्पकर्बी किंवा कीटो आहार म्हणतात. या सीमा सर्वमान्य नाहीत. मधुमेहात कर्बोदके तोडण्याची रीत इन्सुलिनच्या शोधाआधीची आहे. लष्करी वैद्य जॉन रोलो यांचा मांसप्रधान आहार अठराव्या शतकाच्या अखेरचा. मेदबहुल आहाराने मधुमेह्यांच्या रोहिण्या (धमन्या) कठीण होत असाव्यात, अशी शंका अमेरिकी मधुमेहतज्ज्ञ इलियट जॉसलिन यांनी १९२० च्या दशकातच घेतली होती. मेदबहुल आहार रोहिण्यांना घातक आहे का, हा आजचा वाद त्या अर्थी जुनाच.

रक्तात मेद कणांच्या रूपाने वाहून नेला जातो : एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि व्हीएलडीएल ही त्या कणांची नावे. प्रकार २ मधुमेहात इन्सुलिनरोधामुळे (शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याने) यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएल कण जास्त सोडते. या ट्रायग्लिसराइडची एलडीएल व एचडीएल कणांतील कोलेस्टेरॉलशी अदलाबदल होते. त्यातून एचडीएल घटते आणि एलडीएलचे कण लहान व दाट होतात. कर्बोदके कमी केल्यावर ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांत उतरते व एचडीएल सावकाश वाढते, याविषयी दुमत नाही. मतभेद एलडीएलबाबत आहेत : ते कोणाचे घटते, कोणाचे जैसे थे राहते, तर कोणाचे बरेच चढते.

येथे एक गोष्ट हटकून नजरेआड होते. अहवालातील एलडीएल बहुधा मोजलेले नसते, आकडेमोड करून काढलेले असते. फ्रीडवाल्ड सूत्रानुसार (१९७२) एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतात. आहारापूर्वी एकूण २२०, एचडीएल ४० व ट्रायग्लिसराइड २०० (सर्व मिग्रॅ. प्रति डेसिलिटर) असल्यास एलडीएल १४० येते. आहारानंतर एकूण तेवढेच, एचडीएल ६० व ट्रायग्लिसराइड ७५ झाल्यास ते १४५ भरते, म्हणजे ‘वाढले’. पण एकूणातून केवळ एचडीएल वजा केल्यास उरणारे नॉन-एचडीएल (एचडीएल सोडून इतर सर्व कणांतील कोलेस्टेरॉल) १८० वरून १६० वर आलेले असते. पाच हा भाजक व्हीएलडीएलमधील ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण ठरीव मानतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यास सूत्र निरुपयोगी ठरते. भाजक बदलता ठेवणारी मार्टिन–हॉपकिन्स पद्धत (२०१३) अधिक विश्वसनीय मानली जाते. जेवणानंतर रक्त दिल्यास ट्रायग्लिसराइड चढून एलडीएल खोटेच कमी दिसते. म्हणून तुलनेसाठी दोन्ही वेळा १० ते १२ तास उपाशी राहून एकाच प्रयोगशाळेत तपासणी करणे इष्ट.

एलडीएल खरोखर वाढण्याचे नेहमीचे कारण संपृक्त मेद : त्यामुळे रक्तातील एलडीएल उचलून घेणाऱ्या, यकृतावरील एलडीएल-ग्राहींचे कार्य मंदावते. लोणी, साय, खोबरेल तेल व चरबीयुक्त मांस यांनी कर्बोदकांची जागा भरल्यास हे घडते. झपाट्याने वजन उतरतानाही मेदपेशींतील कोलेस्टेरॉल रक्तात येते. स्टीफन फिनी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही वाढ तात्पुरती असल्याचे नोंदवले. त्यामुळे वजन घटत असतानाची तपासणी फसवी ठरू शकते. अल्पकर्बी आहार घेणाऱ्या काही सडपातळ व्यक्तींत एलडीएल २०० च्या वर, एचडीएल ८० च्या वर व ट्रायग्लिसराइड ७० च्या खाली असा एक विशेष नमुना आढळतो. त्याचे कारण अद्याप पक्के ठरलेले नाही. एलडीएल वाढण्यामागे अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता हेही कारण असू शकते, यासाठी टीएसएच ही त्या ग्रंथीची रक्ततपासणी पाहावी.

कण मोठे असल्यास वाढलेले एलडीएल निरुपद्रवी, असे मत काही अभ्यासक मांडतात. त्याला पुरेसा आधार दिसत नाही. रोहिणीच्या भित्तीत शिरणाऱ्या कणांची संख्या अधिक महत्त्वाची असून, अशा प्रत्येक कणावर अपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असल्याने अपोबीची तपासणी ती थेट दाखवते.

आहार सुरू करण्यापूर्वी आणि नंतर सुमारे तीन महिन्यांनी, वजन स्थिरावल्यावर, तपासणी करतात. अपोबी वा नॉन-एचडीएल वाढलेले असल्यास संपृक्त मेदाऐवजी असंपृक्त तेले, कवचफळे व मासे घेऊन, रोज ५ ते १० ग्रॅम विद्राव्य तंतू वाढवून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहतात. सडपातळ व्यक्तींत कर्बोदके थोडी वाढवल्यानेही एलडीएल बरेच उतरू शकते. साखर सुधारली म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल घटवणारे औषध) आपणहून बंद करू नये. इन्सुलिन व सल्फोनिलयुरिया (इन्सुलिनचे स्रवण वाढवणाऱ्या गोळ्या) यांच्या मात्रा आहाराच्या पहिल्या दिवसापासून वैद्यकीय सल्ल्याने कमी कराव्या लागतात, अन्यथा साखर धोकादायक उतरते. एसजीएलटी-२ रोधक (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) औषधांसोबत अत्यल्पकर्बी आहार घेतल्यास साखर फारशी न वाढताही कीटोआम्लता (रक्तात कीटोन साचून ते घातक आम्लयुक्त होणे) होऊ शकते.

प्रकार १ मधुमेहातील अभ्यास थोडे व अल्पकालीन आहेत.