सेप्सिस, तीव्र

सेप्सिस, तीव्र : संसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसाद बेताल होऊन मूत्रपिंडे, फुप्फुसे, यकृत अशी इंद्रिये निकामी होऊ लागण्याची अवस्था. बोलीत ‘इन्फेक्शन रक्तात भिनले’ म्हणतात. हे पुरते खरे नाही, कारण बऱ्याच रुग्णांचे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी, कोरेच येते.

ग्रीक ‘सेप्सिस’ म्हणजे कुजणे. वैद्यकीय वापर सामान्यतः प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझपर्यंत मागे नेतात. मूळ धातू त्याहून जुना असून होमरच्या काव्यात जहाजांची लाकडे कुजल्याच्या संदर्भात येतो. जर्मन वैद्य शॉटम्यूलर यांनी १९१४ मध्ये रक्तात सतत वा अधूनमधून शिरणारे जंतू हा निकष मांडला. १९९१ च्या अमेरिकी तज्ज्ञपरिषदेने भर जंतूंवरून शरीराच्या प्रतिसादावर आणला : तापमानातील बिघाड, मिनिटाला ९० हून अधिक नाडी, २० हून अधिक श्वास, रक्ताच्या घन मिलिमीटरमागे पांढऱ्या पेशी १२,००० वर किंवा ४,००० खाली, यांपैकी दोन लक्षणे आणि जोडीला संसर्ग म्हणजे सेप्सिस, एखादे इंद्रिय बिघडले की ‘तीव्र’. पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील नोंदींत इंद्रिये बिघडलेल्या दर आठांपैकी सुमारे एका रुग्णात ही दोन लक्षणे नव्हतीच. २०१६ च्या व्याख्येने ‘तीव्र’ हे विशेषण गाळले. आता इंद्रियांच्या बिघाडाचे ‘सोफा’ गुण दोन वा अधिक वाढले की सेप्सिस धरतात. हीच व्याख्या अधिक ग्राह्य वाटते. जुने आकडे वाचताना मात्र जुनी संज्ञा लागतेच.

भारतातील २०१०–११ च्या बहुकेंद्री पाहणीत अतिदक्षता विभागातील चार हजारांवर रुग्णांपैकी सुमारे २८ टक्क्यांना तीव्र सेप्सिस किंवा सेप्टिक शॉक (सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळण्याची अवस्था) होता. पुढे ३५ विभागांच्या पाहणीत नव्या व्याख्येनुसार हे प्रमाण निम्म्याहून अधिक भरले. एवढ्यावरून आजार दुपटीने वाढला असे म्हणता येत नाही. चाळणीच बदललेली आहे.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तीव्र सेप्सिसचे मृत्युप्रमाण २००० मधील ३५ टक्क्यांवरून २०१२ मध्ये सुमारे १८ टक्क्यांवर आले. नव्या व्याख्येतील सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब टिकवायला नॉरअॅड्रिनॅलिनसारखे औषध लागते आणि सलाइन देऊनही रक्तातील लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन नीट मिळत नसल्याची खूण, लिटरमागे २ मिलिमोलच्या वर राहते तेव्हा, ते ४० टक्क्यांहून अधिक आढळले. वाचलेल्यांपैकी अनेकांना स्नायूंची अशक्तता आणि विस्मरण दीर्घकाळ छळते.

सोलापुरात १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, लोकांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, आणि खासगी व सहकारी रुग्णालये यांकडे जिल्ह्याबरोबरच धाराशिव आणि कर्नाटक सीमेपलीकडूनही रुग्ण येतात. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, शुगरच्या रुग्णाच्या पायाची चिघळलेली जखम ही सेप्सिसची नेहमीची मुळे. शॉकची शंका येताच कल्चरसाठी रक्त घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायचे असते. त्यामुळे प्रवासात गेलेला वेळ फार महाग पडतो. यंत्राआधीही काही गोष्टी हातांना कळतात : बोटाचे टोक दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला तीन सेकंदांहून अधिक लागणे, किंवा साठ किलोच्या माणसाच्या पिशवीत तासाला ३० मिलीहून कमी लघवी जमणे. म्हणूनच मराठी, कन्नड, तेलुगू असे सगळे बोलणाऱ्या या शहरात डॉक्टरांचा नातेवाइकांना पहिल्या काही प्रश्नांतला एक त्यांच्या भाषेतच जायला हवा : शेवटची लघवी कधी झाली?