टचलाइन बंदी आणि स्टेडियम बंदी : मॅनेजरला नेमकी कुठली शिक्षा बोचते?

२ एप्रिल २०११. त्या दिवशी आपल्याकडे सगळ्यांचे डोळे वानखेडेवरच्या विश्वचषक अंतिम सामन्याकडे लागले होते. त्याच दिवशी लंडनच्या अप्टन पार्कवर मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल संघ मध्यंतराला वेस्ट हॅमविरुद्ध ०-२ असं मागे होतं. मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेच्या संघाच्या बाकांवर, नव्हते. पंच मार्टिन अ‍ॅटकिन्सन यांच्यावर केलेल्या टीकेबद्दल त्यांना पाच सामन्यांची टचलाइन बंदी होती, म्हणून ते वर स्टँडमध्ये होते. मध्यंतरानंतर पॅट्रिस एव्हराच्या जागी हाव्हिएर हर्नांडेझ उतरला आणि रायन गिग्ज लेफ्ट बॅकला, म्हणजे बचावात डावीकडे, गेला. पुढे वेन रूनीने हॅटट्रिक केली, हर्नांडेझने चौथा गोल मारला आणि युनायटेड ४-२ ने जिंकलं. त्या मोसमाचं विजेतेपदही त्यांनीच घेतलं.

असं काही झालं की लोक म्हणतात, ‘बंदीला काही अर्थच नाही.’ मला हे घाईचं वाटतं. ‘मॅनेजरवर बंदी’ या एकाच बातमीखाली दोन निराळ्या शिक्षा येतात आणि आपण त्या एकाच मापाने मोजतो.

टचलाइन बंदी म्हणजे सामना चालू असताना डगआउटमध्ये आणि मैदानाच्या कडेला थांबायला मनाई. इंग्लंडमधल्या पद्धतीत ती इतपतच आहे. मॅनेजर स्टेडियममध्ये येतो, सामन्याआधी आणि मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये जातो, वर बसून खेळ पाहतो आणि साहाय्यकाला निरोप धाडतो. उंचावरून खेळाची मांडणी उलट जास्त स्पष्ट दिसते. शिवाय २०१८ पासून खेळाच्या नियमांनीच डावपेचांच्या संपर्कासाठी डगआउटमध्ये छोटी उपकरणं वापरायला परवानगी दिली आहे. मग हातातून जातं काय? खेळाडूच्या कानाजवळ ओरडणं, कडेला उभ्या चौथ्या पंचाशी हुज्जत घालणं, आपल्या नुसत्या उभं राहण्याने संघाला येणारा धीर. हेही थोडं नाही. पण मध्यंतराची पंधरा मिनिटं त्याच्याकडेच राहतात, आणि माझ्या मते सामन्याच्या दिवशी मॅनेजरचं सगळ्यात मोलाचं काम त्याच पंधरा मिनिटांत होतं.

स्टेडियम बंदीत फाटकच बंद होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चेल्सीचे जोझे मोरिन्यो यांना अशी एका सामन्याची बंदी झाली. स्टोकविरुद्धच्या त्या सामन्यात ते स्टेडियमबाहेर राहिले आणि चेल्सी ०-१ ने हरली.

या दोन शिक्षांमधला फरक इंग्लिश फुटबॉल संघटनेने एकाच निकालात दाखवून दिला आहे. मार्च २०१४ मध्ये न्यूकॅसलचे अ‍ॅलन पार्ड्यू यांनी हल सिटीच्या डेव्हिड मेलरला डोक्याने धडक मारली. त्यांना सात सामन्यांची शिक्षा झाली: पहिले तीन सामने स्टेडियमबाहेर आणि पुढचे चार टचलाइनपासून दूर. कडक भाग आधी, सौम्य भाग नंतर. मात्र पहिल्या तीनपैकी एक सामना न्यूकॅसलने जिंकला आणि नंतरचे चारही गमावले. म्हणून शिक्षेचा परिणाम निकालांच्या तक्त्यात शोधू नये. संघ हरण्याजिंकण्याची कारणं शंभर असतात.

खरा गोंधळ युरोपात होतो. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, स्पर्धांमध्ये निलंबित प्रशिक्षक स्टँडमध्ये बसू शकतो, पण सामन्याआधी आणि सामन्यादरम्यान ड्रेसिंग रूममध्ये जाऊ शकत नाही, संघाशी संपर्कही करू शकत नाही. बातमीत याही शिक्षेला टचलाइन बंदीच म्हणतात. २०११ मध्ये आर्सेनलचे आर्सेन वेंगर अशा बंदीत असताना उदिनेसेविरुद्धच्या सामन्यात त्यांचे निरोप डगआउटपर्यंत पोहोचले आणि त्यांची शिक्षा वाढली. इंग्लंडमध्ये जे चालतं, तोच तिथे गुन्हा.

ही बंदी किती बोचते हे पाहायचं तर २००५ कडे जावं लागतं. बार्सिलोनाविरुद्धच्या सामन्यानंतर मोरिन्यो यांनी पंच आंदेर्स फ्रिस्क यांच्यावर आरोप केले. फ्रिस्क यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्यांनी पंचगिरीच सोडली. युएफाने मोरिन्यो यांना दोन सामन्यांसाठी दूर ठेवलं. त्यातला पहिला, बायर्न म्युनिकविरुद्धचा, चेल्सीने ४-२ ने जिंकला. पुढे कित्येक वर्षांनी मोरिन्यो यांनी स्वतःच सांगितलं की ते त्या दिवशी आधीच ड्रेसिंग रूममध्ये जाऊन थांबले होते आणि कपडे धुवायला नेण्याच्या पेटीत बसून बाहेर पडले. पेटीचं झाकण बंद होतं आणि आत श्वास घेणं कठीण झालं होतं. स्टँडमधली खुर्ची पुरत असती तर कुणी असा जीव धोक्यात घातला नसता. दार बंद करणाऱ्या शिक्षेला मॅनेजर घाबरतात, नुसती खुर्ची बदलणाऱ्या शिक्षेला नाही.

भारतातलं उदाहरण याच कडक बाजूचं आहे. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूविरुद्ध सुनील छेत्रीच्या फ्री किकवरच्या गोलानंतर केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांना दहा सामन्यांची बंदी आणि पाच लाखांचा दंड झाला. त्यात डगआउट आणि ड्रेसिंग रूम दोन्ही बंद होती. माझ्या मते भारतीय महासंघाने इथे योग्य तेच केलं.

एक मर्यादा मात्र दोन्ही प्रकारांना आहे. २०१२ मध्ये सामनानिश्चितीची माहिती न दिल्याच्या ठपक्यावरून युव्हेंटसचे अंतोनियो कोंते यांना झालेली दहा महिन्यांची बंदी अपिलात चारवर आली. त्या काळात सराव ते घेत होते, सामन्याला आधी मासिमो कारेरा आणि मग आंजेलो अलेस्सियो उभे राहत. त्या मोसमात विजेतेपद युव्हेंटसचंच होतं. आठवडाभराची घडण कुठलीही सामनाबंदी पुसू शकत नाही, आणि साध्या शिवीगाळीसाठी तिने ती पुसावी असंही मला वाटत नाही. इंग्लंडने फक्त एवढं करावं: टचलाइन बंदीत मध्यंतराचं दार लावून घ्यावं.