विषाणुरोधक आज्ञावली, घरगुती (खानदेश)

घरच्या संगणकात शिरणाऱ्या घातक आज्ञावली ओळखून त्यांना अडवणारी किंवा काढून टाकणारी आज्ञावली. बोलण्यात सर्वत्र ‘अँटिव्हायरस’. आज तिच्या जोडीला फायरवॉल (जाळ्यावरून होणारी ये-जा तपासणारी भिंत), बँकेच्या व्यवहारांसाठी वेगळा ब्राउझर, मुलांच्या वापरावर नियंत्रण, पासवर्ड सांभाळणारी सोय असे घटक जोडून संच विकले जातात आणि ग्राहकापुढची निवड बहुधा अशा दोन-तीन संचांमधली असते. जळगाव, धुळे व नंदुरबार (१ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग) या जिल्ह्यांत ही निवड कशी होत आली, एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. विषाणूंचे प्रकार व रचना यांसाठी ⟶ संगणक विषाणू.

उगम : पहिली विषाणुरोधक आज्ञावली कोणती, याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील बीबीएन या संस्थेत १९७१ च्या सुमारास बॉब टॉमस यांनी आर्पानेटवर (इंटरनेटचे पूर्वरूप) एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारा ‘क्रीपर’ लिहिला. त्याचा माग काढून त्याला पुसणारा ‘रीपर’ रे टॉमलिन्सन यांचा व बहुधा पुढच्या वर्षीचा. लोकप्रिय लेखनात रीपरला पहिला मान दिला जातो. हे मत सैल वाटते. रीपर हा प्रयोगाचा उत्तरार्ध होता, कोणाच्या संगणकाच्या रक्षणासाठी तो लिहिलेला नव्हता. १९८७ हे वर्ष अधिक ग्राह्य आहे. त्या वर्षी जर्मनीत बेर्न्ट फिक्स यांनी ‘व्हिएन्ना’ विषाणू काढून टाकणारी आज्ञावली लिहिली, जी डेटा कंपनीने अटारी संगणकांसाठी आपले उत्पादन काढले, अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांनी व्यवसाय सुरू केला आणि चेकोस्लोव्हाकियात ‘नॉड’ची पहिली आवृत्ती तयार झाली. यांतील आधीचे कोण व नंतरचे कोण हे महिन्यांच्या हिशेबाने ठरवण्यापेक्षा, प्रत्यक्ष पसरलेला विषाणू काढल्याची नोंद म्हणून फिक्स यांचे नाव पुढे ठेवणे योग्य.

जोशी विषाणू : भारतीय वापरकर्त्याला विषाणुरोधकाची गरज पटवणाऱ्या विषाणूंत ‘ब्रेन’ (लाहोर, १९८६) आणि ‘जोशी’ हे दोन ठळक होत. जोशीची पहिली नोंद जून १९९० मधील, भारतातली. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (यंत्र सुरू होताना प्रथम वाचला जाणारा भाग) व हार्ड डिस्कच्या पार्टिशन टेबलाच्या (डिस्कच्या विभागणीची नोंद) जागी बसे. दर ५ जानेवारीला यंत्र अडवून पडद्यावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करण्याचा हुकूम येई; शुभेच्छा टाइप केल्या की काम पुढे चाले. फाइली पुसण्याचा त्याचा हेतू दिसत नाही. हार्ड डिस्कवर बसण्याची त्याची तऱ्हा ‘स्टोन्ड’ या दुसऱ्या विषाणूसारखी, तर मूळ सेक्टर दाखवून स्वतः लपण्याची युक्ती ‘ब्रेन’सारखी आहे. त्यामुळे या दोघांचा परिचय असलेल्या कोणी तरी तो रचला असावा, हे अनुमान सयुक्तिक ठरते.

त्याचे जन्मस्थान वादग्रस्त आहे. आडनावावरून तो महाराष्ट्रातला, त्यातही पुण्याचा, असे सांगितले जाते. पण जोशी हे आडनाव गुजरात, राजस्थान व कुमाऊँ येथेही सर्रास आढळते. तेव्हा आडनाव हा पुरावा तोकडा पडतो. संदेशातील जोशी म्हणजे खुद्द लेखक की त्याचा मित्र, की ज्याच्यावर राग होता असा कोणी शिक्षक वा वरिष्ठ, हाही प्रश्न आहे. सर्वांकडून शुभेच्छा लिहवून घेण्याचा थाट पाहता तो लेखकाहून वेगळा माणूस असण्याकडे कल झुकतो. भारतीय उगम मान्य करून शहराचे नाव मोकळे सोडणे हेच सध्या सुरक्षित होय. आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते : त्या काळच्या अनेक एक्सटी प्रकारच्या (आरंभीच्या पीसी) यंत्रांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसे आणि चालू करताना तारीख न भरल्यास ती १ जानेवारी १९८० धरली जाई. अशा यंत्रावर ५ जानेवारी उजाडण्याचा संभव कमीच. म्हणून शुभेच्छांचा संदेश किती ठिकाणी दिसला यावरून प्रसार किती झाला हे ठरवता येत नाही.

जोशी मेमरीत असताना तपासणी केल्यास बूट सेक्टर निर्मळ दिसे. म्हणून लिहिण्यास बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे आणि मगच विषाणुरोधक चालवायचा, ही शिस्त रूढ झाली. पुढे दुरुस्तीच्या दुकानांत बूट सीडी व बूट पेनड्राइव्ह आले, ते याच शिस्तीचे वारस.

पुण्याची उत्पादने : खानदेशातील निवडीवर सर्वांत मोठी छाप पुण्याच्या उत्पादनांची आहे. कैलास काटकर कॅल्क्युलेटर व पुढे संगणक दुरुस्त करीत. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी ग्राहकांच्या यंत्रांतील विषाणूंवर छोटी साधने लिहिली, त्यांतून ‘क्विक हील’ उभे राहिले. डॉससाठीची पहिली आवृत्ती १९९५ ची मानली जाते. व्यवसायाचा आरंभ मात्र १९९३ असाही दिला जातो. दुकान कधी सुरू झाले आणि कंपनी कधी नोंदली गेली, यांतील अंतराने हा फरक पडलेला दिसतो. कंपनीचे नाव २००७ मध्ये बदलले व फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. पुण्याचेच ‘नेट प्रोटेक्टर’, मुंबईचे ‘ई-स्कॅन’ आणि चेन्नईचे ‘के ७’ हे देशी स्पर्धक. परदेशी उत्पादनांत नॉर्टन, मॅकॅफी, कॅस्परस्की, ईसेट, अव्हास्ट व एव्हीजी ही नावे परिचित आहेत.

खानदेशातील व्यवहार : एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ पासून सुरू झाला, तालुक्याच्या गावी वर्ग निघाले आणि त्यामागोमाग घरोघरी असेंबल्ड संगणक आले. ते जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणाहून किंवा ओळखीच्या माणसाकडून जोडून घेतले जात. विषाणुरोधक कोणता, हे या जोडून देणाऱ्यानेच ठरवायचे. कापसाच्या बियाण्याची पिशवी कोणती न्यावी हे जसे कृषी केंद्राचा मालक सांगतो, तसेच हे. बियाण्याच्या दुकानाप्रमाणेच इथेही सांगणाऱ्याला नफा सुटतो; पण बिघडल्यावर घरी येणाराही तोच, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. डब्यातली सीडी आणि तिच्यासोबतची ‘की’ (आज्ञावली चालू करणारा सांकेतिक क्रमांक) दुकानातच टाकून मिळे. तीन यंत्रांची एक की घेऊन ती शेजारी-नातेवाइकांत वाटण्याची रीतही रुजली.

देशी उत्पादनांना मिळालेल्या पसंतीमागे स्वदेशीचा अभिमान थोडा आणि इंटरनेटची अवस्था जास्त, असे म्हणावे लागते. भारनियमनाच्या काळात वीज येई तेव्हा इंटरनेटची लाइन नसे. अशा वेळी अद्ययावत फाइल दुकानातून पेनड्राइव्हवर आणून बसवता येणे ही सोय निर्णायक होती. धडगाव-अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत तिचे महत्त्व अधिक काळ टिकले. कैफियत ऐकून घेणारा माणूस फोनवर मराठी बोलतो, हेही कारण होतेच.

पेनड्राइव्ह हाच इथला मुख्य वाहक राहिला. लग्नपत्रिका, महाविद्यालयाचा प्रकल्प, ऑनलाइन अर्जाची कागदपत्रे हे सर्व झेरॉक्सच्या दुकानात छापायला जाते आणि परतताना काही तरी चिकटून येते. विंडोजने फेब्रुवारी २०११ मध्ये पेनड्राइव्हचे आपोआप चालू होणे बंद करणारी सुधारणा सर्वांना दिली. त्यानंतर फोल्डर लपवून त्या जागी शॉर्टकट ठेवणारे विषाणू बोकाळले. यांत फाइली बहुतेक वेळा शाबूत असतात. ‘डेटा उडाला’ असे समजून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारणाऱ्यांनीच तो उडवला, हे अनेकदा घडले.

संगणक हँग झाला की विषाणू, ही समजूत इथे घट्ट आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. पंख्यात धूळ बसलेला संगणक तापून प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. अशा यंत्रावर भारी संच टाकला की तो आणखी अडखळतो आणि मग ‘हा अँटिव्हायरस बेकार’ म्हणून दुसरा टाकला जातो. पहिला न काढता दुसरा टाकल्यास दोघेही एकाच वेळी प्रत्येक फाइल अडवून पाहतात व यंत्र जवळजवळ थांबते.

निवडीचे निकष : फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी एकच रीत असू शकत नाही. ‘शंभर टक्के संरक्षण’ हे डब्यावरचे वाक्य त्यामुळे तत्त्वतःच खोटे ठरते. ओळखीच्या विषाणूंच्या ठशांची यादी, संशयास्पद रचनेवरून अंदाज, चालू आज्ञावलीच्या वागणुकीवर नजर आणि कंपनीच्या सर्व्हरवर विचारणा, या चार रीतींचे मिश्रण सर्वच उत्पादने वापरतात. इन्सब्रुकची ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’, माग्डेबुर्गची ‘एव्ही-टेस्ट’ आणि लंडनची ‘एसई लॅब्ज’ या संस्था नियमित चाचण्या घेतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग व वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. अग्रणी उत्पादनांतील फरक बरेचदा अर्ध्या गुणाचा असतो, आणि एका फेरीतला पहिला पुढच्या फेरीत चौथा होतो. त्यामुळे ओळखण्याच्या टक्क्यांपेक्षा जुन्या यंत्रावर पडणारा भार आणि खोटे इशारे यांचे रकाने घरगुती ग्राहकाने आधी पाहावेत. खोटा इशारा ही किरकोळ बाब नव्हे : २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अद्ययावत फाइलने विंडोज एक्सपीचाच एक आवश्यक घटक विषाणू ठरवला आणि जगभर यंत्रे बंद पडली.

विश्वासार्हतेचा निकष अलीकडे पुढे आला आहे. अव्हास्टची उपकंपनी जम्पशॉट ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकत असल्याचे उघड झाल्यावर २०२० मध्ये ती बंद करण्यात आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी अमेरिकेने कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली. ही बंदी भारतात लागू नाही. ई-स्कॅनच्या अद्ययावतीकरणाच्या असुरक्षित मार्गाचा हल्लेखोरांनी गैरफायदा घेतल्याचा अहवालही २०२४ चाच, आणि तो स्पर्धक अव्हास्टच्या संशोधकांनी दिला होता. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी व अविरा ही चारही नावे आज ‘जेन डिजिटल’ या एकाच कंपनीची आहेत. त्यांच्यातील निवड ही स्पर्धकांमधली निवड राहिलेली नाही.

फुकट की विकत : विंडोज ८ (२०१२) पासून ‘डिफेंडर’ अंगभूत आहे. दुसरे उत्पादन बसवल्यास तो मागे सरतो व त्या उत्पादनाची मुदत संपल्यावर सहसा पुन्हा पुढे येतो. डिफेंडरचे चाचण्यांतील गुण आता विकतच्या उत्पादनांच्या जवळ असल्याने साध्या घरगुती वापराला वेगळा संच अटळ आहे, असे म्हणता येत नाही. दुकानदारांचे मत अर्थातच निराळे आहे. त्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा : विकतच्या संचासोबत माणूस मिळतो. मुदत साधारणपणे की चालू केल्या दिवसापासून मोजतात, खरेदीपासून नव्हे. म्हणून जुन्या साठ्यातला डबा घेण्याने वर्ष कमी होत नाही.

घरच्याच संगणकावर दुकानाचा किंवा आडतीचा हिशेब ‘टॅली’त ठेवण्याची पद्धत या भागात मोठी आहे आणि खंडणीखोर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या) विषाणूंचा खरा फटका तिथे बसतो. १२ मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ने ज्या फटीचा उपयोग केला, ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पण घरगुती यंत्रांना अधिक छळले ते २०१८ पासूनच्या ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ कुळाने. त्याचा प्रसार मुख्यतः चोरीच्या आज्ञावलींसोबत होतो आणि ती बसवण्याच्या सूचनांत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ हे वाक्य असते. ते पाळणाऱ्याला कोणताही संच वाचवत नाही. हिशेबाची प्रत रोज वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवणे हा उपाय डब्यात मिळत नाही, म्हणूनच बहुधा सांगितलाही जात नाही. केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून (२०१७) सफाईची साधने विनामूल्य मिळतात. पैसे गेल्यास तक्रार १९३० या क्रमांकावर.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेले जुने असेंबल्ड संगणक अधिकृतपणे विंडोज ११ वर जाऊ शकत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा-सुधारणांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. डिफेंडरच्या ठशांची यादी मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत ताजी होत राहील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.