पाठीला ऊब, तोंडावर गारठा

पहाटेचे साडेपाच. बालीतल्या बातूर ज्वालामुखीच्या माथ्यावर, विवराच्या कडेला आम्ही सातजण एकमेकांना खेटून बसलो होतो. सगळे गोव्याचे. समुद्रसपाटीवर वाढलेल्या माणसाला पंधरा अंश म्हणजे हिमालयच. म्हापशाहून आलेल्या मावसभावाने टॉवेल डोक्याला गुंडाळला होता. तेवढ्यात वाळपईचा मित्र मागच्या खडकाला टेकला आणि दचकून उठला. “अरे, हा दगड तापलाय रे!”

आम्ही सगळ्यांनी हात लावून पाहिला. खरेच, नुकत्याच विझवलेल्या चुलीसारखी ऊब होती. खडकाच्या फटींतून वाफ येत होती आणि आमचा वाटाड्या त्याच वाफेत अंडी आणि केळी ठेवून निवांत बसला होता. १७१७ मीटर उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते, पण अंड्याला तेवढे पुष्कळ होते.

आलो होतो सूर्योदय पाहायला. माझे लक्ष मात्र त्या दगडाने खाल्ले.

पहिला संशय साहजिकच कालच्या उन्हावर गेला. पण दिवसभराचे ऊन खडकात फार तर हातभर खोल उतरते आणि रात्री तेवढेच परतही जाते. खडक उष्णतेचा अगदी आळशी वाहक. वर्षभरातला उन्हाळा-हिवाळासुद्धा दहा-पंधरा मीटरांपलीकडे पोहोचत नाही. आपल्या विहिरीचे पाणी जानेवारीच्या पहाटे कोमट लागते ते याचमुळे. पाणी गरम झालेले नसते, बाहेरची हवा गार झालेली असते. म्हणजे बातूरची ऊब वरून आलेली नव्हती. ती खालून येत होती.

पृथ्वीच्या पोटातून उष्णता सगळीकडूनच बाहेर पडते, गोव्यातूनही. तिचा निम्म्याच्या आसपास भाग युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातून येतो, बाकीची पृथ्वीच्या जन्मावेळची शिल्लक. पण ती किती? जगाची सरासरी धरली तर दर चौरस मीटरला ०.०९ वॅट. शंभर चौरस मीटरच्या घराखालून येणारी सगळी उष्णता गोळा केली तर जेमतेम ९ वॅटचा एक एलईडी दिवा लागेल. आपल्याकडच्या अतिप्राचीन, थंडावलेल्या खडकांखाली तर त्याहूनही कमी. डोक्यावरचा दुपारचा सूर्य त्याच एका चौरस मीटरवर हजार वॅट ओततो. सूर्यापुढे धरणीची ऊब म्हणजे हिशेबात न धरण्याजोगी चिल्लर. तरीही बातूरसारखा पर्वत त्या चिल्लरीतूनच उभा राहिला, कारण इथे ती वितळलेल्या खडकाच्या रूपाने एका जागी वर येते.

खडक वितळतो कसा, याबद्दल बहुतेकांच्या मनात एक चित्र असते: खाली लाव्ह्याचा समुद्र आणि त्याला पडलेले भोक. तसे नाही. भूकवचाखालचे प्रावरण हजाराहून अधिक अंश तापलेले असले तरी वरच्या प्रचंड दाबामुळे घनच असते. ते वितळवायला आणखी तापवावे लागतेच असेही नाही. लाकडी बादलीत हाताने आइस्क्रीम फिरवलेल्यांना आठवेल, बर्फावर जाडे मीठ टाकले की शून्याखाली असूनही बर्फ पाणी व्हायला लागतो. बालीखाली मिठाचे काम पाणी करते. दक्षिणेकडून येणारे समुद्रतळाचे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने बेटांखाली शिरतात. त्यांच्या खनिजांत बांधलेले पाणी खोलवर पिळून निघते, वरच्या तप्त खडकात मुरते आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणते. खडक तितकाच गरम राहतो, फक्त आता वितळतो. सुमात्रा, जावा, बाली, लोम्बोक अशी ज्वालामुखींची माळ तयार झाली ती या मुरलेल्या पाण्यामुळे.

बातूरचे वय लक्षात घेतले की आपण कुठे बसलो आहोत हे नीट कळते. आजचा पर्वत हा एका अवाढव्य कढईत उगवलेला नवा सुळका आहे. जवळपास २९ हजार वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २० हजार वर्षांपूर्वी इथे महाउद्रेक झाले, खालचा शिलारस रिकामा झाला आणि छत कोसळले. अशा खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. बाहेरची कढई जवळजवळ १४ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद आहे, तिच्या एका कडेला चंद्रकोरीसारखे सरोवर. १९२६ साली लाव्ह्याने पायथ्याचे बातूर गाव आणि तिथले मंदिर गिळले. गावकऱ्यांनी मंदिर कढईच्या काठावर पुन्हा बांधले. सरोवरदेवतेच्या त्या मंदिराशी बालीतली भातशेतीच्या पाटांची व्यवस्था आजही बांधलेली आहे. खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध गावाने मिळून सांभाळणाऱ्या गोवेकराला ती लगेच ओळखीची वाटते. शेवटचा उद्रेक २००० सालचा.

आता तोंडावरचा गारठा. रात्री दोनला उठवले तेव्हा सगळे कुरकुरले होते. (बालीचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे शरीराच्या लेखी रात्रीचे साडेअकरा. आदल्या दिवशीच विमानातून उतरलेल्या माणसाला हे सांगून समाधान होत नाही.) पण वेळ ठरवतो तो सूर्य. उजाडल्यावर उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढू लागते आणि सरोवरावरचा ओलावा बरोबर नेते. मग माथ्यावर ढग. रात्री उलट, गार हवा जड होऊन कढईत उतरते, तळाशी धुके साठते आणि वरचे आकाश मोकळे राहते. हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. किनाऱ्यावर २६ अंश असतील तर माथ्यावर १५ हा हिशेब सरळ आहे. त्यात वारा. आणि सर्वांत गार क्षण मध्यरात्री येत नाही, तो सूर्योदयाच्या थोडा नंतर येतो, कारण पहिल्या तिरप्या किरणांतून मिळते त्यापेक्षा जमीन आकाशाला जास्त देऊन बसत असते.

चढताना मी बॅटरी दोनदा बंद केली. वाटाड्याला ते पसंत नव्हते, आणि त्याचेच बरोबर होते, त्या भुसभुशीत राखेवर पाय घसरतो. पण डोळ्यांच्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींतले ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारे द्रव्य पुरते भरायला वीस-तीस मिनिटे अंधार लागतो, आणि कोणी तोंडावर पांढरा झोत मारला की सगळे पाण्यात. तांबड्या दिव्याने ते कमी बिघडते. पुढच्या वेळी डोक्यावर तांबडा दिवा न्यायचा, एवढे मी ठरवून ठेवले आहे.

सहाच्या सुमारास सगळे पूर्वेला तोंड करून बसले. मी पश्चिमेला वळलो. तिथे क्षितिजावर निळसर राखाडी पट्टा होता आणि त्याच्या वर फिकट गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. सूर्य वर सरकतो तसतशी ती खाली बुडते. सूर्य उगवल्यावर पर्वताचीही सावली दिसली, अगदी टोकदार त्रिकोणी. पर्वत कितीही वेडावाकडा असला तरी त्याची सावली त्रिकोणीच दिसते. मडगाव स्टेशनावर रूळ दूर एकत्र आलेले दिसतात, तेच इथे घडते: सावलीच्या लांबच लांब कडा लांब जाताना मिटल्यासारख्या दिसतात. पूर्वेला उजव्या हाताला ३०३१ मीटरचा आगुंग होता, आणि १२० किलोमीटर दूर समुद्रापलीकडे लोम्बोकवरचा रिंजानी. एवढ्या उंचीवरून मोकळे क्षितिज दीडशे किलोमीटरांवर जाते, त्यामुळे किनाऱ्यावरच्यापेक्षा सुमारे पाच मिनिटे आधी सूर्य दिसतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी पाठ अजून दगडाला होती.

वाफेचा हा पाहुणचार नेहमीच इतका गोड नसतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. ती जागा खडकांनी कोंडली असेल तर लाव्हा वर न येताही डोंगर फुटतो, आणि शिलारसाच्या हालचालींवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रांना त्याची चाहूल फार उशिरा लागते. जपानच्या ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी असेच झाले. शनिवारची दुपार, माथ्यावर गर्दी. ६३ माणसे मेली किंवा सापडलीच नाहीत. म्हणून इशाऱ्याची पातळी वाढली की तिकीट फुकट गेले तरी परत फिरावे.

गोव्यात परतल्यावर लोक विचारतात, आपल्याकडे आहे का असा एखादा डोंगर? सह्याद्रीचा प्रत्येक सुळका ज्वालामुखी होता, हे सहलींत हटकून ऐकू येते आणि ते चूक आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा प्रामुख्याने लांब भेगांतून पसरला, थरावर थर. सुळके नंतर पावसाने कोरले. त्या थरांची कडा गोव्याच्या ईशान्य टोकाला, सत्तरीच्या डोंगरमाथ्याला येऊन टेकते. बाकीचा गोवा त्याहून कितीतरी जुन्या खडकांचा, वर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) सडे. पण किनाऱ्याजवळ काही ठिकाणी जुन्या खडकाला चिरत गेलेले काळे पट्टे दिसतात. सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी भेगेत चढलेला आणि तिथेच गोठलेला तो शिलारस.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा पहाटे निघालो, या वेळी गोव्याच्या त्याच ईशान्य टोकाच्या चोर्ला घाटाकडे. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा नुकता वाजला होता. माथ्यावर पोहोचल्यावर वाळपईच्या मित्राने आधी काळ्या खडकाला तळवा लावला. दगड गारढोण होता. त्याने डबा उघडला. उकडलेली अंडी त्याच्या आईने घरूनच दिली होती.